ब्रिटनमधल्या घराला हीट पंप: ७,५०० पौंडांचं अनुदान कसं घ्यायचं, आणि बिल वाढू कसं द्यायचं नाही

इंग्लंड आणि वेल्समध्ये गॅस, तेल किंवा एलपीजीवर चालणारा बॉयलर काढून हीट पंप (बाहेरची उष्णता घरात आणणारं विजेवरचं यंत्र) बसवला, तर सरकार ७,५०० पौंड देतं. योजनेचं नाव बॉयलर अपग्रेड स्कीम. मे २०२२ मध्ये ती सुरू झाली तेव्हा हवेतून उष्णता घेणाऱ्या पंपाला ५,००० आणि जमिनीतून घेणाऱ्याला ६,००० पौंड मिळत. ऑक्टोबर २०२३ पासून दोन्हींना ७,५०० झाले. कारभार ऑफजेम ही ऊर्जा नियामक संस्था पाहते. उत्पन्नाची अट नाही, परतफेड नाही, आणि अर्ज घरमालकाने करायचा नसून पंप बसवणाऱ्या कंपनीने करायचा असतो. कागदपत्रांचा भाग सोपाच आहे.

अडचण येते ती दुसरीकडे. अनुदानासाठी पंपाची हंगामी कार्यक्षमता किमान २.८ असावी लागते. म्हणजे वर्षभराच्या सरासरीत एक युनिट विजेतून २.८ युनिट उष्णता. आता बिलाचा हिशेब करू. उदाहरणादाखल वीज २६ पेन्स आणि गॅस ६.३ पेन्स युनिट धरा, आणि जुना बॉयलर ८५ टक्के कार्यक्षम धरा. घराला वर्षाला १०,००० युनिट उष्णता लागत असेल, तर गॅसवर सुमारे ७४० पौंड खर्च होतात. २.८ कार्यक्षमतेच्या पंपावर तीच उष्णता ९३० पौंडांना पडते, आणि ४ कार्यक्षमतेच्या पंपावर ६५० पौंडांना. बरोबरी होते ती साधारण ३.५ वर. अनुदान मिळायला २.८ पुरतं, बिल न वाढायला ३.५ लागतं. हीट पंप बसवून पस्तावलेली बहुतेक घरं याच दोन आकड्यांच्या मध्ये कुठेतरी अडकलेली असतात. म्हणून या लेखात अर्जापेक्षा मोजमापाला जास्त जागा दिली आहे.

आधी पात्रता तपासा

घर तुमच्या मालकीचं हवं. स्वतः राहत असाल, भाड्याने दिलेलं असेल, दुसरं घर असेल, तरी चालतं. सोशल हाउसिंगला ही योजना नाही. बिल्डरकडून घेतलेल्या नव्या घरालाही नाही. मात्र स्वतःसाठी स्वतः बांधून घेतलेलं घर बसतं. आधीची हीटिंग व्यवस्था गॅस, तेल, एलपीजी, कोळसा किंवा थेट विजेवरची, म्हणजे स्टोरेज हीटरसारखी, असली पाहिजे. जुना हीट पंप काढून नवा बसवायला पैसे मिळत नाहीत.

नव्या पंपाने घराची संपूर्ण हीटिंग आणि गरम पाणी दोन्ही सांभाळलं पाहिजे. "थंडी कडक पडली तर असू दे" म्हणून गॅस बॉयलर सोबत ठेवायचा, हा हायब्रिड प्रकार अनुदानात बसत नाही. गॅसची शेगडी मात्र ठेवता येते, कारण नियम हीटिंगबद्दल आहे. मराठी घरांत हा प्रश्न हमखास निघतो. फुलका आणि भाकरी आचेवर फुगवायची सवय असल्यामुळे शेगडी काढायला घरातून विरोध होतो. ठेवायला हरकत नाही, पण मग गॅसचा स्टँडिंग चार्ज चालू राहतो. तो दिवसाला ३० पेन्सच्या आसपास, म्हणजे वर्षाला शंभराहून जास्त पौंड. पंपाची निम्मी बचत नुसत्या शेगडीपायी जाऊ शकते, हे आधीच घरात बोलून घ्या.

घराचा ईपीसी, म्हणजे ऊर्जा दाखला, दहा वर्षांच्या आतला आहे का ते पाहा. सरकारी नोंदवहीत पोस्टकोड टाकून तो फुकट शोधता येतो. पूर्वी त्यात माळ्याच्या किंवा पोकळ भिंतीच्या इन्सुलेशनची शिफारस बाकी असेल, तर अर्ज अडत असे. मे २०२४ मध्ये ती अट काढली. अट गेली म्हणून इन्सुलेशन सोडून देऊ नका. माळ्यावर २७० मिलिमीटर लोकर अंथरणं हे या सगळ्या कामातलं सर्वांत स्वस्त पाऊल आहे, आणि ते पंपाचं माप ठरण्याआधी झालं पाहिजे. नंतर केलं, तर पंप घराच्या मानाने मोठा ठरतो.

फ्लॅट लीजहोल्डवर असेल तर फ्रीहोल्डरची, म्हणजे इमारतीच्या मूळ मालकाची, लेखी संमती आधी घ्या. तिथे महिने जातात.

स्कॉटलंडमध्ये ही योजना लागू नाही. तिथे होम एनर्जी स्कॉटलंडकडे स्वतः अर्ज करायचा असतो: ७,५०० पौंड अनुदान, ग्रामीण भागात आणि बेटांवर ९,०००, आणि त्यावर ७,५०० पौंडांपर्यंत बिनव्याजी कर्ज. तिथला कळीचा नियम असा की मंजुरीचं पत्र हातात येण्याआधी काम सुरू केलं, तर पैसे गेले. नॉर्दर्न आयर्लंडही बॉयलर अपग्रेड स्कीमच्या बाहेर आहे. इंग्लंडमध्ये कमी उत्पन्न असलेल्या आणि ईपीसीवर डी ते जी दर्जा असलेल्या घरांनी आधी कौन्सिलकडे वॉर्म होम्स लोकल ग्रँटची चौकशी करावी, कारण त्यात इन्सुलेशनही धरलेलं असतं.

घराची उष्णतेची गरज स्वतः ताडून पाहा

कंपनीला बोलावण्याआधी मागच्या वर्षभराचा गॅसचा वापर बिलातून काढा, पौंडांत नव्हे, युनिटमध्ये, म्हणजे किलोवॅट-तासांत (kWh). त्याला २,९०० ने भागा. ब्रिटनच्या हवामानात हे उत्तर साधारण तुमच्या घराला लागणाऱ्या पंपाचं किलोवॅटमधलं माप असतं. १६,००० युनिट वापर असेल तर साडेपाच किलोवॅट. १२,००० असेल तर चारच्या थोडं वर. हा आडाखा आहे, पण खोटं पकडायला उत्तम. १२,००० युनिट जाळणाऱ्या घराला कुणी १२ किलोवॅटचा पंप सुचवत असेल, तर त्याने मोजमाप केलेलं नाही, जुन्या बॉयलरचा आकडा पाहून अंदाज ठोकला आहे. एक सावधगिरी: पैसे वाचवायला तुम्ही घर १७ अंशांवर ठेवत असाल, किंवा दोन खोल्या बंदच असतील, तर हा आकडा खऱ्या गरजेपेक्षा कमी येईल.

बॉयलर २४ किंवा ३० किलोवॅटचा असतो तो नळाला क्षणात गरम पाणी देण्यासाठी. घर तापवायला त्याचा चौथा हिस्साही लागत नाही. हीट पंप मोठा घेतला की सुरक्षित, हा समज महागात पडतो. प्रत्येक पंपाला खाली एक मर्यादा असते, त्याहून कमी उष्णता तो देऊ शकत नाही. ऑक्टोबर आणि एप्रिलच्या सौम्य थंडीत मोठा पंप दहा मिनिटं चालतो, बंद पडतो, पुन्हा सुरू होतो. कार्यक्षमता तिथेच सांडते, आणि कॉम्प्रेसरचं आयुष्यही घटतं.

खरं मोजमाप खोलीनिहाय असतं. सर्वेक्षक प्रत्येक खोलीची लांबी, रुंदी, उंची, भिंतींचा प्रकार, खिडक्या, आणि बाहेरच्या किंवा न तापवलेल्या जागेला लागून किती बाजू आहेत, हे लिहून घेतो. तीन बेडरूमच्या घराला त्याला दोन-तीन तास लागायला हवेत. फोनवर फोटो मागवून अंतिम कोटेशन देणाऱ्याला नमस्कार करा.

याच वेळी खोलीचं तापमान स्वतःहून सांगा. हिशेब सहसा बैठकीची खोली २१ आणि बेडरूम १८ अंश धरून होतो. भारतातून आई-वडील हिवाळाभर राहायला येणार असतील, तर त्यांना १८ अंशांत झोप लागणार नाही. त्यांची खोली २१ धरायला सांगा, आणि बैठकीची २३. बाहेर उणे २ असताना २१ ऐवजी २३ अंश राखायला सुमारे ९ टक्के जास्त उष्णता लागते, आणि खोली गरम असल्यामुळे त्याच रेडिएटरमधून निघणारी उष्णता जवळजवळ १२ टक्क्यांनी कमी होते. दोन अंशांचा फरक छोटा वाटतो, पण रेडिएटर निवडताना तो धरला नाही तर भर जानेवारीत कळतो, आणि तोवर उशीर झालेला असतो.

रेडिएटर आणि पाइप: कार्यक्षमता इथे ठरते

गॅस बॉयलर रेडिएटरमध्ये ६५ ते ७० अंशांचं पाणी पाठवतो. हीट पंपाने ४५ किंवा त्याहून कमी पाठवावं. इन्स्टॉलर याला फ्लो टेंपरेचर म्हणतात. ते एका अंशाने खाली आणलं की कार्यक्षमता साधारण दोन ते अडीच टक्क्यांनी सुधारते. ५५ वरून ४५ वर आलात, तर घर २.८ च्या बाजूने ३.५ च्या बाजूला सरकतं.

पाणी कोमट म्हणजे रेडिएटर मोठा. कॅटलॉगमध्ये रेडिएटरचे वॅट छापलेले असतात ते पाणी खोलीपेक्षा ५० अंशांनी गरम आहे असं धरून. पाणी ४५ ने आत आणि ४० ने बाहेर, खोली २० अंश, तर फरक राहतो २२.५ अंशांचा. तेव्हा त्या रेडिएटरची उष्णता छापील आकड्याच्या ३५ टक्क्यांवर येते. १,५०० वॅटचा रेडिएटर प्रत्यक्षात ५३० वॅट देतो. पाणी ५० ने पाठवलं तर ४६ टक्के, म्हणजे ६९० वॅट. हा हिशेब पाठ ठेवा. कोटेशनमधल्या रेडिएटरांच्या यादीवर प्रत्येक खोलीची गरज आणि ४५ अंशांवरची उष्णता शेजारी शेजारी लिहिलेली नसेल, तर ती लिहून मागा.

सगळे रेडिएटर बदलावे लागतातच असं नाही. सहसा एका पत्र्याचे जुने सिंगल पॅनल काढून त्याच लांबीचे, त्याच उंचीचे दुहेरी पॅनलचे आणि आत दोन पन्हळी पत्रे असलेले, बाजारात के२ किंवा टाइप २२ म्हणून मिळणारे, बसवले की भागतं. लांबी तीच असल्यामुळे पाइपही फारसा हलवावा लागत नाही. कमी पडते ती बहुधा बैठकीची खोली आणि उत्तरेकडची बेडरूम.

पाइपांकडे मात्र फार कमी लोक बघतात. हीट पंपात पाणी आत जाताना आणि परत येताना फरक फक्त ५ अंशांचा ठेवतात, बॉयलरमध्ये तो २० असू शकतो. त्यामुळे ८ किलोवॅट उष्णता वाहायला बॉयलरला मिनिटाला ६ लिटर पाणी पुरतं, हीट पंपाला २३ लिटर लागतं. १९७० आणि ८० च्या दशकातल्या बऱ्याच घरांत ८ किंवा १० मिलिमीटरचे बारीक पाइप जमिनीखालून गेले आहेत. छोट्या खोलीला ते चालतात, मोठ्या रेडिएटरला पाणी पोचवताना अपुरे पडतात आणि सूं-सूं आवाज करतात. पंपापासूनची मुख्य लाइन ५-६ किलोवॅटच्या वर २८ मिलिमीटरची असावी. कोटेशनमध्ये पाइपांचा उल्लेखच नसेल तर विचारा.

आणखी एक सापळा बफर टाकीचा. पंप आणि रेडिएटर यांच्यामध्ये एक टाकी टाकली, की पाइपांचा हिशेब न करताही यंत्रणा चालते, म्हणून घाईतल्या इन्स्टॉलरला ती आवडते. पण तिथे गरम आणि परतीचं पाणी मिसळतं, रेडिएटरला ४० अंश मिळावे म्हणून पंपाला ४५ बनवावे लागतात, आणि वर सांगितलेला फायदा तिथेच निघून जातो. पंप बाहेरचा बर्फ वितळवताना पुरेसं पाणी हवं हे खरं. त्यासाठी परतीच्या लाइनवर एक छोटी टाकी पुरते. चार पाइपांनी जोडलेली टाकी सुचवली तर कारण मागा.

गरम पाण्याची टाकी

कॉम्बी बॉयलर असेल तर घरात टाकीच नसते, आणि नव्या टाकीला जागा काढणं हा लहान घरातला सर्वांत मोठा वाद ठरतो. चौघांना २०० लिटर पुरतं. पाहुणे महिनोन्‌महिने राहणार असतील तर २५०. आतली कॉइल मोठी, साधारण ३ चौरस मीटरची हवी. बॉयलरसाठीची जुनी टाकी याच कारणाने चालत नाही. पाणी ४८ ते ५० अंशांवर ठेवा. लीजिओनेला जंतू वाढू नयेत म्हणून आठवड्यातून एकदा ६० अंशांचं चक्र लावलेलं असतं, ते बंद करू नका. ६० अंशांच्या टाकीच्या हिशेबाने आंघोळीची सवय असेल, तर ५० अंशांच्या टाकीतलं पाणी लवकर संपतं. लाकडी मजल्यावर वजनाची भीती असते: भरलेली २०० लिटरची टाकी पाव टनाच्या आसपास जाते, म्हणून ती भिंतीलगत, तुळयांवर येईल अशी ठेवा.

बाहेरचा पंप, शेजारी आणि वीज

इंग्लंडमध्ये मे २०२५ पासून घराच्या पंपाला शेजाऱ्याच्या हद्दीपासून एक मीटर लांब ठेवण्याची अट राहिलेली नाही, आणि घरासाठी बाहेरच्या युनिटचा आकार ०.६ ऐवजी १.५ घनमीटरपर्यंत चालतो. आवाजाचा हिशेब मात्र एमसीएसच्या (हीट पंप आणि ते बसवणाऱ्या कंपन्या प्रमाणित करणारी योजना) ०२० या मानकाप्रमाणे करावाच लागतो. ऐतिहासिक इमारतीत कौन्सिलची परवानगी आधी; संरक्षित भागात ती लागते का, ते कौन्सिलला विचारा. वेल्समध्ये अंतराचे नियम वेगळे, तिथेही कौन्सिलला विचारा.

आता बरेच पंप आर२९० वर, म्हणजे प्रोपेनवर चालतात. प्रोपेन ज्वलनशील आणि हवेपेक्षा जड, म्हणून युनिटभोवती खिडकी, दार, गटार किंवा तळघराची जाळी येणार नाही अशी मोकळी जागा कंपनी सांगते. जागा ठरवताना हे पहिलं बघा. दुसरं, युनिटखाली वितळलेलं पाणी टपकतं, थंडीच्या दिवशी काही लिटर. ते खडीच्या खड्ड्यात मुरवा. वाटेवर सोडलं तर सकाळी तिथे बर्फाचा थर असतो. थंडीत मधूनच वाफेचा लोट निघतो तो बर्फ वितळवण्याचा भाग आहे, आग नव्हे. हे शेजाऱ्यालाही सांगून ठेवा.

विजेचं काम अर्जाआधी सुरू करा, कारण वेळ इथेच जातो. मीटरशेजारचा मुख्य फ्यूज ६० अँपिअरचा असेल तर वीज वितरण कंपनीकडून, म्हणजे डीएनओकडून, तो वाढवून घ्यावा लागू शकतो. त्याहून मोठी अडचण म्हणजे सामायिक केबल: जुन्या जोडघरांत तुमची वीज शेजाऱ्याच्या मुख्य फ्यूजच्या डब्यातून फिरून येते किंवा त्याची तुमच्याकडून जाते. अशी जोडणी सुटी करायला डीएनओला आठवडे, कधी महिने लागतात, आणि शेजाऱ्याची संमतीही लागू शकते. मीटरच्या कपाटाचा फोटो काढा. मुख्य फ्यूजच्या डब्याला खालून एकाऐवजी दोन जाड केबल जोडलेल्या दिसल्या, तर लगेच डीएनओला फोन करा.

कंपनी निवडा आणि अर्ज करू द्या

किमान तीन कोटेशन घ्या. प्रत्येक कंपनी एमसीएस प्रमाणित आहे का ते एमसीएसच्या वेबसाइटवर नावाने तपासा. दाखला हीट पंपासाठी हवा, सौर पॅनलचा चालत नाही. हवेतल्या पंपाचं काम अनुदानाआधी साधारण १२ ते १४ हजार पौंडांत होतं. ३१ मार्च २०२७ पर्यंत त्यावर व्हॅट शून्य आहे. कोटेशनवर पूर्ण रक्कम, वजा ७,५००, आणि तुम्ही देण्याची रक्कम अशा तीन ओळी स्वच्छ हव्यात. अनुदान कंपनीला मिळतं, तुमच्या खात्यात येत नाही. "आधी सगळे द्या, नंतर परत करू" म्हणणाऱ्याकडे जाऊ नका. आगाऊ रक्कम चौथ्या हिश्शापेक्षा जास्त देऊ नका.

तीन प्रश्न लेखी विचारा: बाहेर उणे २ असताना फ्लो टेंपरेचर किती ठेवणार, हंगामी कार्यक्षमता किती धरली आहे, आणि वेदर कॉम्पेन्सेशन, म्हणजे बाहेरच्या थंडीप्रमाणे पाण्याचं तापमान आपोआप बदलणं, लावून देणार का. पहिल्याचं उत्तर ५० च्या वर असेल तर रेडिएटरांची चर्चा पुन्हा करा.

कंपनी ऑफजेमकडे अर्ज करते, मग ऑफजेम तुम्हाला ई-मेल पाठवतं. संमतीसाठी १४ दिवस असतात. हा मेल बऱ्याचदा स्पॅममध्ये जातो, आणि चुकला की अर्ज पहिल्यापासून. मंजुरीनंतर व्हाउचर कंपनीच्या नावे निघतं, हवेतल्या पंपासाठी तीन महिने वैध, जमिनीतल्यासाठी सहा. तेवढ्यात पंप बसून, चालू होऊन, कंपनीने रक्कम मागितलेली असली पाहिजे. म्हणून डीएनओ आणि परवानगीचं काम बाकी असताना व्हाउचर काढायची घाई करू नका, आणि व्हाउचर येण्याआधी बॉयलर काढूही देऊ नका. ऑफजेम नंतर फोनवर किंवा घरी येऊन तपासणी करू शकतं. जुन्या बॉयलरचे फोटो जपून ठेवा.

चालू करताना आणि पहिल्या हिवाळ्यात

काम तीन ते पाच दिवसांचं, त्यात एक-दोन दिवस घर थंड राहतं. जुने पाइप पूर्ण धुतले पाहिजेत; तळाशी साचलेला काळा गाळ पंपाच्या उष्णता-विनिमयकात बसला की प्रवाह घटतो. परतीच्या लाइनवर चुंबकीय फिल्टर हवा. बाहेरच्या पाइपांना जाड इन्सुलेशन, आणि वीज गेल्यावर पाणी गोठू नये म्हणून ग्लायकॉल किंवा अँटिफ्रीझ व्हॉल्व्ह. व्हॉल्व्ह लावले असतील तर ते आच्छादू नका, पाणी खाली गळायला जागा हवी.

वेदर कॉम्पेन्सेशन म्हणजे बाहेर जितकी थंडी, तितकंच पाणी गरम. सुरुवात अशी लावा: बाहेर उणे २ असताना ४५ अंश, बाहेर १५ असताना २८. मग दर तीन-चार दिवसांनी हा वक्र, म्हणजे पाण्याचे हे दोन्ही आकडे, एका अंशाने खाली आणा, कुणी तरी थंडीची तक्रार करेपर्यंत. तिथून एक अंश वर. रेडिएटर हाताला कोमट लागतील. खोलीचा थर्मामीटर बघा, रेडिएटर चाचपू नका.

सकाळी दोन तास आणि संध्याकाळी तीन तास अशी बॉयलरची सवय सोडावी लागते. थंड झालेलं घर पुन्हा तापवायला पंपाला पाणी जास्त गरम करावं लागतं. दिवसरात्र चालू ठेवा, रात्री फार तर दोन अंश कमी. रेडिएटरांवरचे थर्मोस्टॅट व्हॉल्व्ह बहुतेक खोल्यांत पूर्ण उघडे ठेवा, नाहीतर पंपाला फिरवायला पाणीच उरत नाही आणि तो चालू-बंद होऊ लागतो.

वीज कंपनीकडे हीट पंपासाठीचे वेगळे दर असतात, दिवसाच्या काही तासांत स्वस्त. गरम पाण्याची टाकी त्या तासांत तापवायला लावा. शक्य असेल तर पंपाला वेगळं वीज आणि उष्णता मीटर बसवून घ्या, म्हणजे कार्यक्षमता महिन्याला महिना दिसेल. डिसेंबर-जानेवारीत ती ३ च्या खाली गेली तर क्रमाने बघा: फिल्टर भरला आहे का, फ्लो टेंपरेचर कुणी वाढवून ठेवलं का, टाकीतला इमर्शन हीटर गुपचूप चालू आहे का. बिल अचानक वाढलं तर शेवटचं कारण आधी तपासा.

एमसीएस प्रमाणपत्र, उष्णतेचा खोलीनिहाय हिशेब, डीएनओचं पत्र आणि व्हाउचरची प्रत एका फाइलमध्ये ठेवा. घर विकताना वकील मागतो. वार्षिक सर्व्हिस चुकवली तर उत्पादकाची वॉरंटी सहसा रद्द होते. शेगडीही विजेवर गेली असेल, तर गॅस सेफ नोंदणीकृत माणसाकडून लाइन बंद करून घ्या आणि गॅस कंपनीला मीटर काढायला कळवा. मीटर भिंतीवर आहे तोवर स्टँडिंग चार्ज चालूच असतो.